खेळणारा आणि खेळवणारा

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शंकर आणि पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. खाली नंदी आहे आणि गण त्याला छळत आहेत. हाच देखावा चौदाव्या लेण्यातही आहे आणि एकोणतिसाव्या धुमार लेण्यातही. आमच्या शहरापासून तीस किलोमीटरवर एकाच डोंगरात तीन ठिकाणी देव द्यूत खेळतात, आणि ज्या दिवाळी पाडव्याच्या निमित्ताने हा अंक वाचकांच्या हाती येतो त्या पाडव्याला पंचांगात द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. अशा मुलखात माझ्या वडिलांना पत्ते खेळताना पोलिसांनी धरले. साल १९७६. मी सहा वर्षांचा होतो.

गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत कापडाच्या दुकानावर एक खोली होती. वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. शनिवारी संध्याकाळी चार-पाच ओळखीची माणसे त्या खोलीत बसत. एका शनिवारी छापा पडला. पत्त्यांचा जोड, चटई, एक पितळी तपेली आणि काही सुटे पैसे एवढा मुद्देमाल जप्त झाला. वकिलाने सल्ला दिला की गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. वडिलांनी तसेच केले. दंड किरकोळ होता, पण कचेरीत कागद गेला, वेतनवाढ थांबली आणि गल्लीत आमच्या घराला एक विशेषण चिकटले. ते मी शाळेत बरीच वर्षे ऐकले. वडील पुढे कधी पत्त्याला शिवले नाहीत. लग्नाच्या घरी मुले बदाम सात खेळत असली तरी ते उठून बाहेर जात.

मी कायद्याचा पदवीधर नाही. एका कारखान्यात भांडारपाल म्हणून नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या बळवंत वाचनालयात बसून जे वाचता आले ते वाचले. सुरुवातीला मला एवढेच हवे होते की वडिलांनी जो गुन्हा कबूल केला, तो गुन्हा होता तरी का, हे कळावे. पुढे हा विषय वाढत गेला, इतका की मी एका आमदारांच्या दारात निवेदन घेऊन उभा राहिलो. तो भाग पुढे येईल.

वडिलांना ज्या कायद्याखाली धरले तो १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. आजही महाराष्ट्रात तोच चालतो. त्याचे चौथे कलम अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे आणि पाचवे अड्ड्यावर सापडलेल्या माणसासाठी. पाचव्या कलमातली खोच अशी, की खेळ चालू असताना जो तिथे हजर असेल तो खेळण्यासाठीच आला होता असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. चहा द्यायला आलेल्या पोऱ्यालाही तेच लागू. आणि खेळणाऱ्यालाही शिक्षेत नुसता दंड नाही, कैदही आहे.

हा कायदा आमदारांनी, म्हणजे त्या काळच्या कायदेमंडळाने, किती तत्परतेने दुरुस्त केला याचे एक उदाहरण मोठे गमतीचे आहे. मुंबईत पावसावर पैजा लागत. अमुक वेळेत पन्हाळीतून पाणी वाहील की नाही, यावर व्यापारी पैसे लावत. १८८९ मध्ये नरोत्तमदास मोतीराम यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की हा प्रकार कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. लगेच १८९० मध्ये दुरुस्ती करून पाऊसही कायद्यात आणला गेला. घोड्यांच्या बाबतीत मात्र उलट झाले. शर्यतीवरच्या पैजा, ठरलेल्या आवारात आणि परवान्याने लावल्या तर, जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवल्या गेल्या. महालक्ष्मीला आणि पुण्याला जे उघड चालते ते गुलमंडीच्या माडीवर गुन्हा ठरते. घोड्यांच्या मागे परवाना आणि करही होता, हे खरे. पण कोणाचे म्हणणे कायदेमंडळापर्यंत पोचते याचा अंदाज यायला एवढी दोन उदाहरणे पुरतात.

त्याच कायद्यात तेरावे कलम आहे. निव्वळ कौशल्याचा खेळ कुठेही खेळला तरी हा कायदा त्याला लागू नाही, असे ते सांगते. एक ओळीचे कलम. गेल्या साठ-सत्तर वर्षांतली सगळी भांडणे या ओळीभोवतीची आहेत.

आमचा मराठवाडा या कायद्याखाली उशिरा आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो आणि इथे निजामाचा स्वतःचा जुगाराचा कायदा होता. फसली सन १३०५ चा, म्हणजे इसवी सनाच्या १८९५-९६ चा. मुंबईच्या कायद्याशी त्याचे नाते उघड दिसते. तेच अड्ड्याचे कलम, तेच हजर असण्यावरून गृहीत धरणे, आणि कौशल्याच्या खेळाला तशीच सूट. तिथे ती चौदाव्या कलमात होती. मराठवाड्यातून तो कायदा गेला तरी तेलंगणात टिकला, आणि पत्त्यांच्या बाबतीत देशातला सर्वांत महत्त्वाचा निकाल नेमका त्याच कायद्याखाली लागला. आमच्याकडच्या पुष्कळ वकिलांनाही हे सांगितले की नवल वाटते.

सिकंदराबादला क्रेसेंट रिक्रिएशन क्लब नावाचा क्लब होता. पोलिसांनी तिथे छापा घातला. माणसे पैसे लावून रमी खेळत होती. सचिव, खजिनदार आणि खेळणारे असे सगळे आरोपी झाले. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि आंध्र प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ नोव्हेंबर १९६७ ला निकाल लागला. तो लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ दैवाचा आहे. रमीचे तसे नाही. कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते. कोणते धरायचे, कोणते टाकायचे याला अक्कल लागते. पाने पिसण्या-वाटण्यात दैव आहेच, पण ते ब्रिजमध्येही आहे. म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. क्लब पत्त्यांसाठी आणि बसण्यासाठी जी थोडी रक्कम घेत होता तिच्यावरून तो अड्डा ठरत नाही. आरोपी सुटले.

हा निकाल माझ्या हाती पडला तेव्हा मी तो वाचनालयातच दोनदा वाचला. वडिलांना धरले त्याच्या आधी नऊ वर्षे हे ठरून गेले होते! वकिलाला माहीत नव्हते, की माहीत असून दोन-तीन तारखांची कटकट नको होती, कोण जाणे. माणूस हयात नाही, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

घरी येऊन मी आईला सांगितले. ती म्हणाली, "रमीच होती. तुझ्या वडिलांना दुसरं काही येतच नव्हतं." मग मी त्या खोलीतल्या मंडळींपैकी एकटे उरलेल्या काकांकडे गेलो. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "साडेनऊपर्यंत रमी असायची. मग तिर्रट." तिर्रट म्हणजे आमच्याकडचा तीन पानांचा खेळ, मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत छाप्याच्या बातमीत तो आणि झन्ना-मन्ना हे दोन शब्द ठरलेले असतात. छापा किती वाजता पडला, हे मी विचारले. काकांना आठवत नव्हते. आईला एवढेच आठवते की जेवण झाकून ठेवले होते. खटल्याची कागदपत्रे केव्हाच नष्ट झाली आहेत. त्यामुळे वडील कायद्याने निर्दोष होते की नव्हते, हे त्या रात्री घड्याळात काय वाजले होते यावर अवलंबून आहे आणि ते घड्याळ आता कोणापाशी नाही.

त्याच १९७६ सालची दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. आणीबाणीचे दिवस. मुख्यमंत्री आमच्याच मराठवाड्याचे, नांदेडचे शंकरराव चव्हाण. शिस्तीचे, करडे म्हणून त्यांची ख्याती. आणि त्यांच्याच काळात राज्याच्या विधिमंडळाने महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, १९७६ मंजूर केला. परवाना घेऊन, कर भरून कॅसिनो चालवता यावेत यासाठी. म्हणजे ज्या वर्षी गुलमंडीच्या माडीवरची तपेली जप्त झाली त्याच वर्षी याच राज्यात हिरव्या टेबलावरच्या पत्त्यांची कायदेशीर सोय कागदावर झाली होती. हा कायदा अमलात यायला सरकारने एक अधिसूचना काढायची होती. ती कोणत्याच सरकारने काढली नाही. काँग्रेस, पुलोद, युती, आघाडी, सगळी येऊन गेली. २०१५ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याने जनहित याचिका करून विचारले की मंजूर झालेला कायदा असा धूळ खात ठेवता येतो काय. पर्यटन वाढेल, महसूल येईल, गोव्याला जाणारा पैसा इथे राहील, असे म्हणणारेही वेळोवेळी पुढे आले. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि एकही दिवस न जगलेला कायदा सत्तेचाळीस वर्षांनी निकालात निघाला.

या कॅसिनो कायद्याविषयी मला जे सुचले ते सांगतो. त्याच्या बाजूने आणि विरोधात जे जे बोलले गेले ते मी जमेल तसे वाचले. हॉटेलवाला, पर्यटन, महसूल, नैतिकता, कुटुंबांची धूळधाण, सगळे त्यात आहे. पण पाचव्या कलमाखाली धरल्या जाणाऱ्या माणसाविषयी, म्हणजे चटईवर बसलेल्या कारकुनाविषयी, हमालाविषयी, रिक्षावाल्याविषयी, दोन्ही बाजूंत एक शब्द नाही. परवाना द्यायचा की नाही हा वाद खेळवणाऱ्याचा होता. खेळणाऱ्याला मधे कोणी विचारले नाही.

न्यायालयांचा रोख काही वेगळा होता असे नाही. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चमारबागवाला यांचे प्रकरण आले होते. बंगळुरूहून निघणाऱ्या साप्ताहिकातल्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांवर मुंबई राज्याने कर लावला होता. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी निकालात ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून युधिष्ठिरापर्यंत आणि मनूपासून कौटिल्यापर्यंत सगळ्यांना साक्षीला बोलावले आणि सांगितले की जुगार हा व्यापारच नव्हे, त्याला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. मात्र मनूने सरसकट बंदी सांगितली असली तरी याज्ञवल्क्य आणि कौटिल्य राजाच्या देखरेखीखाली द्यूत चालू द्यायला तयार होते, हेही त्या निकालात आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत तर द्यूतगृह चालवणाऱ्या सभिकाने जिंकलेल्या रकमेतून किती टक्के घ्यावेत याचाही दर दिला आहे: शंभर आणि त्याहून जास्त असेल तर पाच टक्के, नाहीतर दहा. त्या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिली. तेही पुढे निजामाच्याच राज्यात होते. सभिकाचे पाच टक्के लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

२०१९ च्या सुमारास वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत काम करणारे चार-पाच तरुण अभियंते माझ्याकडे आले. एका व्याख्यानात मी सिकंदराबादच्या निकालाविषयी बोललो होतो, ते त्यांच्या कानावर गेले होते. ही मुले मोबाइलवर पोकर खेळत. त्यातल्या एकाच्या मित्राला दुसऱ्या गावी एका फ्लॅटमध्ये खऱ्या पत्त्यांनी पोकर खेळताना पोलिसांनी नेले होते आणि मुलांच्या पोटात गोळा उठला होता. त्यांचे म्हणणे साधे होते. "काका, आम्ही अड्डा चालवत नाही. खेळणाऱ्याची कैद तरी काढा म्हणून आमदारांकडे जायचंय. मसुदा तुम्ही लिहा."

पोकर मला येत नव्हता, त्यांनी शिकवला. दोन पाने हातात, पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडी, आणि दर टप्प्याला पैसे वाढवायचे की पाने टाकायची याचा निर्णय. वाईट पाने असूनही समोरच्याला माघार घ्यायला लावता येते, म्हणजे पाने न दाखवताही डाव जिंकता येतो. हे कौशल्य आहे की नाही यावर आपल्याकडची उच्च न्यायालयेच एकमताची नाहीत. कर्नाटकात २०१३ मध्ये पोकर कौशल्याचा खेळ म्हणून चालू दिला गेला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो दैवाचा, म्हणजे जुगार ठरवला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीच्या जोडीने पोकरलाही आधीपासूनच बाहेर ठेवले आहे. नागालँडने तर ऑनलाइन पोकरला परवाना देण्याचा कायदा केला. तीच बावन्न पाने, पण रेल्वे ज्या राज्यात असेल त्याप्रमाणे खेळणारा खेळाडू किंवा आरोपी.

मुलांपैकी एकाचा मोठा भाऊ सिअॅटलला असतो. त्याने फोनवर सांगितले ते ऐकून मुले थक्क झाली. मीही झालो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, जिथे कॅसिनो आणि पत्त्यांच्या खोल्या उघड चालतात, तिथे २००६ मध्ये इंटरनेटवरचा जुगार गंभीर गुन्हा ठरवला गेला. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. शब्दरचना अशी की घरी बसून खेळणाराही तिच्यात सापडावा. ली रूसो या पोकर खेळणाऱ्या वकिलाने त्याला आव्हान दिले, पण २०१० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि या धोरणाचे बरेवाईट ठरवणे विधिमंडळाचे काम आहे असे सांगितले. मग तिथल्या खेळाडूंनी न्यायालयाचा नाद सोडून आमदारांच्या दारात जायला सुरुवात केली. मागणी मोठी नव्हती. साइट चालवणाऱ्याला काय करायचे ते करा, घरी खेळणाऱ्याला गुन्हेगारांच्या त्या पंगतीतून उठवा.

मला ही मागणी फार आवडली. ती आमच्या मसुद्याचा कणा झाली. निवेदन दीड पानाचे होते. पाचव्या कलमातली कैद वगळावी आणि खेळणाऱ्याला फक्त दंड असावा. हजर असण्यावरून दोषी धरण्याची तरतूद काढावी. तेराव्या कलमात कोणते खेळ येतात याची यादी राज्याने स्वतः करावी. न्यायमूर्ती चौहान यांच्या विधी आयोगाने जुलै २०१८ मध्ये जुगार आणि पैजांच्या नियमनावर जो २७६ वा अहवाल दिला होता त्याचाही उल्लेख मी केला.

आम्ही तिघे आमदारांकडे गेलो. त्यांचे नाव देत नाही, कारण त्यांनी आम्हाला चांगले वागवले. गर्दीतून आत घेतले, चहा दिला, निवेदन उभ्या उभ्या नव्हे, बसून वाचले. मग म्हणाले, "भाऊ, मुद्दा पटतो. पण सभागृहात उभं राहून मी जुगाऱ्यांची शिक्षा कमी करा म्हणालो तर दुसऱ्या दिवशी माझ्याच मतदारसंघातल्या बायका दारात येतील. आणि त्यांचं चुकेल असं मला वाटत नाही." माझ्यापाशी उत्तर नव्हते. निघताना त्यांनी मुलांना विचारले, "तुम्ही जिंकता का?" एकाने सांगितले, "कधी कधी." आमदार माझ्याकडे पाहून हसले.

आता जे लिहितो ते मुलांनी वाचले तर त्यांना वाईट वाटेल, पण लिहिले पाहिजे. मी निवेदनात सिकंदराबादचा निकाल दिला होता, पण अर्धाच. त्या निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी एक पुस्ती जोडली आहे: क्लबचा किंवा घराचा मालक या रमीतून, किंवा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही खेळातून, नफा कमवत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. क्रेसेंट क्लब सुटला तो रमी कौशल्याची आहे म्हणून तर खराच, पण क्लब त्यावर गब्बर होत नव्हता म्हणूनही. मोबाइलवरच्या कंपन्यांनी या निकालाचा पूर्वार्ध उचलला आणि त्यावर सगळा धंदा उभा केला. प्रत्येक डावातून त्यांचा वाटा कापला जातो. हा याज्ञवल्क्याचा सभिकच आहे, फक्त त्याला राजाची देखरेख नव्हती. पुढे काही उच्च न्यायालयांनी कौशल्य असेल तर पैसे लावूनही संरक्षण आहे असे मानले. मद्रासने २०२१ मध्ये आणि कर्नाटकने २०२२ मध्ये राज्यांचे बंदीचे कायदे त्यावर रद्द केले. त्या निकालांपुढे माझ्यासारख्याने काय बोलावे! तरी मूळ निकालातली ती पुस्ती मला विसरता येत नाही. मी ती निवेदनात का गाळली? आमच्या मागणीला ती अडचणीची होती म्हणून. मी नकळत खेळणाऱ्याच्या नावाने खेळवणाऱ्याची वकिली करत होतो.

हे मला कळले ते पुस्तकातून नाही. टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी त्या मुलांपैकी एक, सर्वांत हुशार, गणितात पक्का, माझ्याकडे आला. पोकरवरून तो रमीवर गेला होता, कारण रमीचे डाव लवकर संपतात. मोबाइलवरूनच कर्ज, त्या कर्जासाठी दुसरे कर्ज. बायकोचे दागिने गहाण. त्याने मला पैसे मागितले नाहीत. तो म्हणाला, "काका, मला चांगलं खेळता येतं. तेच वाईट झालं." गुलमंडीच्या खोलीत माझे वडील फार तर महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा हरले असतील, कारण खोली दहाला बंद होई आणि समोर बसलेला माणूस ओळखीचा असे, तो उद्या रस्त्यात भेटणार असे. मुलाच्या हातातली खोली कधी बंद होत नव्हती.

यानंतरचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. महाराष्ट्रात बच्चू कडू यांच्यासारखे आमदार या खेळांच्या जाहिरातींविरुद्ध रस्त्यावर उतरले. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवरच्या रमीचा व्हिडिओ रोहित पवार यांनी प्रसिद्ध केला. आपण खेळत नव्हतो, असे मंत्र्यांनी सांगितले. महिनाअखेर त्यांच्याकडचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले, यावर विनोद करण्याची गरज कोणाला उरली नाही. आठ-दहा दिवस राज्यभर रमी, रमी चालले होते. एवढ्या गदारोळात १८८७ च्या कायद्यात रमीविषयी काय आहे, हे कोणी उघडून पाहिल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

आणि मग ऑगस्टमध्ये केंद्राचाच कायदा आला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की दैवाचा, चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत. साठ वर्षे घासून घासून गुळगुळीत झालेला कौशल्य आणि दैव हा भेद एका झटक्यात बाजूला पडला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

मात्र या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो पीडित आहे, असे सरकारने संसदेत सांगितले. ही बातमी मी वाचनालयात वाचली आणि घरी येऊन जुन्या फाइलमधून आमचे दीड पान काढले. पहिली मागणी शब्दशः तीच होती. चार-पाच मुलांनी आणि एका भांडारपालाने मागितले ते आमच्याशी काही संबंध नसताना मिळाले होते, आणि मिळताना खेळच बंद झाला होता. मी त्या हुशार मुलाला फोन केला. तो आता पुण्याला असतो, कर्ज फिटत आले आहे. म्हणाला, "बरं झालं." थोडे थांबून म्हणाला, "पण पीडित नका म्हणू, काका. मी शुद्धीवर होतो."

राज्याचा कायदा मात्र आहे तसाच आहे. केंद्राच्या कायद्यात मोबाइलवर लाखो हरलेल्याला शिक्षा नाही. चटईवर बसून पन्नास रुपयांचा डाव लावणाऱ्याला पाचव्या कलमाखाली आजही कैद होऊ शकते आणि तिथे नुसता बसलेला माणूसही आधी दोषी, मग जमले तर निर्दोष. छाप्याच्या बातम्या येतात त्या सगळ्या अशाच माणसांच्या: तिर्रट, झन्ना-मन्ना, इतके हजारांचा मुद्देमाल, आणि खाली नावे, वय आणि राहणार अमुक यासह. त्या नावांखाली कोणाच्या तरी घरात सहा वर्षांचे पोर असते.

म्हणून निवेदन मी पुन्हा लिहायला घेतले आहे. या वेळी सिकंदराबादचा निकाल पुरा दिला आहे, पुस्तीसकट. खेळवणाऱ्याला सूट मागितलेली नाही. कॅसिनो नको, परवाना नको, कंपनी नको. पाचव्या कलमातली कैद आणि ते गृहीतक, एवढे दोनच मुद्दे. पान एकच झाले आहे. ते आमदार आता आमदार नाहीत. नव्यांकडे वेळ मागितली आहे. दिवाळीनंतर या, असे त्यांच्या कार्यालयातून सांगितले आहे.

आईला मसुदा वाचून दाखवला. तिला आता नीट ऐकू येत नाही. शेवटी तिने विचारले, "त्यात रमी लिहिलंस ना? तिर्रट लिहू नकोस." मी दोन्ही लिहिले आहेत.